विश्लेषण : लोकलच्या रुळांपासून तासाभराच्या चढणीवर... कर्जतच्या आदिवासी वाड्यांचा रस्ता का रखडतो?

भिवपुरी रोड स्थानकावर दिवसभर मुंबईच्या लोकल थांबतात. त्याच स्थानकामागच्या डोंगरावर मात्र अशा वाड्या आहेत, जिथला रुग्ण आजही झोळीत घालून खाली आणावा लागतो. या वाड्या जंगलाला लागून आहेत आणि त्यांच्या अडचणीही जंगलाशी जोडलेल्या आहेत. रस्ता, पाणी आणि घराखालची जमीन या तिन्हींचे उत्तर शेवटी वनकायद्याच्या कलमांत सापडते.

या वाड्या नेमक्या कुठे आहेत?

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात नेरळ आणि कर्जत या दोन स्थानकांच्या मध्ये भिवपुरी रोड हे स्थानक आहे. स्थानकाच्या पश्चिमेला माथेरानचा डोंगर उभा आहे, तर पूर्वेला उल्हास नदीच्या खोऱ्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य रांग. भिवपुरी गाव आणि टाटांचे जलविद्युत केंद्र या पूर्वेकडच्या रांगेच्या पायथ्याशी आहे.

माथेरानच्या उतारावर सागाचीवाडी, चिंचवाडी, बोरीचीवाडी, आसलवाडी, बेकरेवाडी, नाण्याचा माळ, धामणदांड, भूतिवलीवाडी अशा वाड्या विखुरलेल्या आहेत. त्यांतली मुख्य वस्ती ठाकूर समाजाची. कातकऱ्यांच्या वस्त्या बहुतांशी खाली, मोठ्या गावांच्या कडेला किंवा नदी-ओढ्याच्या काठाला आढळतात. पूर्वेकडे खांडसच्या बाजूला भीमाशंकरच्या डोंगराखालीही अशाच वाड्या आहेत.

जनगणना २०११ नुसार रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती आणि त्यांत सुमारे ३ लाख ५ हजार आदिवासी होते, म्हणजे साधारण ११.६ टक्के. पनवेल, उरण, अलिबाग या भागांच्या वाढीत हा आकडा झाकला जातो. कर्जत आणि खालापूरच्या डोंगरपट्ट्यात मात्र अनेक वाड्या पूर्णपणे आदिवासींच्याच आहेत.

जंगल कसे आहे आणि जगणे त्यावर कसे चालते?

माथेरानच्या माथ्यावर जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे निमसदाहरित जंगल आहे. भीमाशंकरच्या माथ्यावरचे जंगल त्याहून दाट आणि सदाहरित. तिथे शेकरूसाठी १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. उतारावर खाली येताना साग, ऐन, किंजळ, पळस आणि मोह यांचे पानझडी जंगल लागते. वाड्या याच मधल्या पट्ट्यात आहेत.

वाडीचे वर्ष जंगलाच्या हिशेबाने चालते. उन्हाळ्यात पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर त्यावर भाताचे बी टाकायचे, खाचरात भात लावायचा आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी घ्यायची. पहिल्या पावसाबरोबर शेवळ उगवते. मग कुर्डू, टाकळा, भारंगी, फोडशी, कंटोळी यांचा हंगाम येतो. नेरळ, कर्जतपासून बदलापूरपर्यंतच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या ठाकूर बायका हीच रानभाजी विकतात. शहरात ती ‘पौष्टिक रानमेवा’ म्हणून विकली जाते. वाडीत ती घरातले धान्य संपल्यावरचा आधार असते.

कारण आषाढ-श्रावण हेच इथले टंचाईचे महिने. मागच्या वर्षीचे भात संपलेले असते आणि नवे शेतात उभे असते. पूर्वी या काळात सावकाराकडून घेतलेले धान्य दिढीने, म्हणजे दीडपट करून परत द्यावे लागे. माथेरानला जन्मलेले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल यांनी या भागात शाळांबरोबर धान्य बँकेची कल्पना राबवली होती. पुढे कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनेही वाड्यांमध्ये धान्य बँका उभ्या केल्या. सुगीत धान्य ठेवायचे, पावसाळ्यात उसने न्यायचे आणि थोड्या वाढीव मापाने परत करायचे, इतका तो साधा व्यवहार. पण त्यामुळे सावकाराच्या दारात जाण्याची वेळ टळते.

ज्यांच्याकडे जमीनच नाही, अशी अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. उचल आधी घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते. मुले सोबत जातात, त्यामुळे शाळा मध्येच सुटते. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा आहे. तरीही उचलीच्या हिशेबात अडकून पडलेल्या मजुरांची प्रकरणे अजूनही समोर येतात.

इतका पाऊस पडूनही पाणीटंचाई का?

माथेरान आणि भीमाशंकर ही राज्यातली अतिपावसाची ठिकाणे. त्यांच्या उतारावर चार महिन्यांत इतका पाऊस पडतो, की मराठवाड्यातल्या एखाद्या गावाला तो चार-पाच वर्षे मिळत नाही. तरी फेब्रुवारी-मार्च उजाडला की वाडीतल्या बायका कोरड्या ओढ्याच्या पात्रात डवरा खणून, त्यात पाझरणारे पाणी वाटीने हंड्यात भरतात.

याचे कारण खडकात आहे. सह्याद्रीचा बसाल्ट थराथरांचा आणि कठीण आहे. पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. उतार तीव्र असल्याने पावसाचे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. विहीर खणली तरी ती झऱ्याच्या नेमक्या जागी नसेल, तर जानेवारीतच आटते. शिवाय टँकरला रस्ता लागतो. जिथे रस्ता नाही, तिथे टंचाई जाहीर झाली तरी टँकर पोहोचत नाही.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट आहे. डोंगरावरच्या वाडीत ते पूर्ण करायचे, तर बारमाही स्रोत, उपसा करणारा पंप, त्याला वीज आणि वनजमिनीतून जाणारी जलवाहिनी अशा चार गोष्टी जुळाव्या लागतात. त्यांपैकी एक अडली तरी टाकी उभी राहते आणि नळ कोरडा राहतो.

वीज मुंबईला आणि पाणी खालच्या शेतीला?

भिवपुरीचे जलविद्युत केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावर आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण बांधून ते पाणी कड्यावरून खाली सोडायचे आणि त्यातून मुंबईसाठी वीज निर्माण करायची, अशी ही योजना. या भागातून मुंबईकडे वीजवाहिन्या गेल्या. १९४२ च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरेच लक्ष्य केले होते.

वीज निर्माण झाल्यावर सुटणारे पाणी खाली राजनाला कालव्यातून शेतीला मिळते आणि त्यावर कर्जतच्या सपाट भागात उन्हाळी भात होते. या पाण्याने अनेक गावांचे अर्थकारण बदलले. पण कालवा उताराने वाहतो. त्याच्या वर असलेल्या वाड्यांना त्याचा उपयोग नाही. डोंगरावरून पाणी खाली येते आणि ते पुन्हा वर नेण्याचा खर्च वाडीला परवडत नाही.

आता याच ठिकाणी नव्या योजनेची भर पडत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात पंप्ड स्टोरेज प्रकल्पांचा सामंजस्य करार झाला. त्यात पुणे जिल्ह्यातील शिरवटा येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉट क्षमतेचे प्रकल्प आहेत. एकूण गुंतवणूक सुमारे १३ हजार कोटी रुपये सांगण्यात आली. अशा प्रकल्पात विजेची मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करतात. सौर आणि पवन ऊर्जा साठवण्यासाठी ही पद्धत उपयुक्त आहे. मात्र तिला वरच्या जलाशयाबरोबर पायथ्यालाही जलाशय लागतो. त्यामुळे पायथ्याची जमीन, तिथली वहिवाट आणि वनहक्काचे दावे यांची नोंद आधी पूर्ण होणे महत्त्वाचे ठरते.

रस्ता अडतो कुठे?

माथेरानच्या उतारावरच्या वाड्या जुम्मापट्टीच्या बाजूने रस्त्याने जोडाव्यात, ही मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. तिच्या आड येणारी पहिली गोष्ट म्हणजे जमिनीची मालकी. वाडी आणि मोठे गाव यांच्यामधली जमीन बहुतेक ठिकाणी वनखात्याची आहे. वनजमिनीचा वनेतर वापर करायचा, तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन त्याचे नावही बदलले. प्रस्ताव, मोजणी, झाडांची गणती, तत्त्वतः मंजुरी, पर्यायी वनीकरणाचा आणि जंगलाच्या मूल्याचा भरणा आणि शेवटी अंतिम मंजुरी, असा तो प्रवास आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पर्यावरणीय निर्बंध. माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा परिसर ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झाला. बांधकाम, खाणकाम आणि झाडतोड यांवर त्यामुळे नियंत्रण आले. ते आवश्यकही होते. मुंबईच्या इतक्या जवळचा हा डोंगर अन्यथा कधीच पोखरला गेला असता.

तिसरी गोष्ट लोकसंख्येच्या निकषाची. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सर्वसाधारण भागातील वस्तीला किमान ५०० लोकसंख्येची अट आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रात ती २५० आहे. रायगड जिल्ह्याचा पाचव्या अनुसूचीत समावेश नाही. म्हणजे शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, अनुसूचित क्षेत्रातल्या ३०० लोकांच्या पाड्याला जी सवलत मिळते, ती कर्जतमधल्या तेवढ्याच वाडीला मिळत नाही. डोंगर एकच असला तरी जिल्ह्याची हद्द बदलली की नियम बदलतो.

वनहक्क कायद्यात मार्ग आहे का?

आहे, पण अरुंद आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ (२) मध्ये शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाणीपुरवठा, वीजवाहिनी, रस्ता अशा १३ सुविधांसाठी वनजमीन वळवण्याची सोपी तरतूद आहे. त्यासाठी केंद्राकडे जावे लागत नाही. ग्रामसभेची शिफारस आणि विभागीय वनाधिकाऱ्यांची मान्यता पुरते. अटी दोन आहेत : प्रत्येक प्रकरणात जमीन एक हेक्टरपेक्षा कमी हवी आणि हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडायची नाहीत.

आता हिशेब पाहू. एक हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर. पाच मीटर रुंदीची पट्टी धरली, तर त्यात जेमतेम दोन किलोमीटर रस्ता बसतो. अंगणवाडी, टाकी किंवा वाडीपर्यंतच्या छोट्या तुकड्यासाठी ही तरतूद पुरेशी आहे. वळणे घेत डोंगर चढणाऱ्या आणि चार-पाच वाड्या जोडणाऱ्या रस्त्याला अडीच-तीन हेक्टर सहज लागतात. मग प्रस्ताव पुन्हा केंद्राच्या लांबच्या मार्गावर जातो.

याच कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली चार हेक्टरपर्यंतची वनजमीन नावावर होऊ शकते. रायगडमध्ये याला विशेष संदर्भ आहे, तो ‘दळी’ जमिनींचा. नाचणी-वरीसाठी वनखात्याने पूर्वी डोंगरउतारावरचे तुकडे ठाकूर-कातकऱ्यांना कसायला दिले. कसणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या, पण सातबारा झाला नाही. वनहक्काचा दाखला मिळाला की ती जमीन पती-पत्नी दोघांच्या नावे होते. ती वारसांकडे जाते, विकता मात्र येत नाही. फार्महाऊसचे भाव चढलेल्या कर्जतमध्ये ही शेवटची अट कुटुंबाला जाचक वाटू शकते. पण जमीन हातात राहण्याची ती एकमेव खात्रीही आहे.

ठाकूर आणि कातकरी यांच्यासाठी योजना वेगळ्या का?

दोन्ही समाज अनुसूचित जमातींत आहेत. मात्र कातकरी (काथोडी) हा राज्यातील कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल राखीव झाले, कातेचा धंदा गेला, पुढे कोळसा पाडण्याचे कामही गेले आणि हा समाज मजुरीवर आला. शेतीची जमीन जवळपास नाही आणि अनेक ठिकाणी घराखालची जागाही दुसऱ्याच्या नावावर आहे. जमिनीचा भाव वाढला की मालक कुंपण घालतो आणि पिढ्यान् पिढ्यांची वाडी ‘अतिक्रमण’ ठरते. कूळ कायद्यात घराखालच्या जागेला संरक्षण आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांना गावठाण जाहीर करण्याचा अधिकारही आहे. त्यासाठी वस्तीची मोजणी आणि नोंद मात्र व्हावी लागते.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम जनमन’ योजनेत देशातील अशा ७५ गटांसाठी २४,१०४ कोटी रुपयांची तरतूद झाली. घरकुल, नळ, वीज, अंगणवाडी यांबरोबर १०० लोकसंख्येच्या वस्तीलाही रस्ता देता येतो. कातकरी वाड्यांना याचा लाभ मिळतो. त्याच डोंगरावरची ठाकूरवाडी या निकषात बसत नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियाना’त इतर आदिवासी गावे येतात. पण त्याचा आधार आदिवासींची बहुसंख्या असलेले गाव हा आहे. एखादी वाडी शंभर टक्के आदिवासी असली, तरी महसुली गावात तिचे प्रमाण कमी पडले, तर ती यादीतून निसटू शकते.

इर्शाळवाडीने काय दाखवले?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या ठाकूर वाडीवर दरड कोसळली. वाडीत ४३ कुटुंबे आणि २२८ माणसे राहत होती. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. पायवाटेने वर जायला तास-दीड तास लागत होता. यंत्रे नेता आली नाहीत, त्यामुळे बचाव पथकांना फावडी-घमेल्यांनी माती उपसावी लागली. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा चढणीतच मृत्यू झाला.

ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ३० जुलै २०१४ रोजी घाटापलीकडच्या माळीणमध्ये १५१ जणांचा बळी गेला. त्यानंतर आणि जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळीयेनंतर धोकादायक गावांच्या याद्यांची चर्चा झाली होती. पण यादी गावाची होते आणि दरड वाडीवर पडते. वाडीनिहाय पाहणी झाल्याशिवाय हा फरक भरून निघत नाही.

वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवण्यात आले आणि सिडकोमार्फत ४४ घरांची वसाहत उभारण्याचे ठरले. खाली आल्याने दवाखाना, शाळा आणि रस्ता जवळ आला. पण गुरे, खाचरे आणि रान डोंगरावरच राहिले. म्हणून पुनर्वसनात घराइतकाच शेतीकडे आणि जंगलाकडे जाण्याचा हक्कही मोजावा लागतो.

रस्ता आला की प्रश्न सुटतो का?

पूर्णपणे नाही. तीव्र उतार आडवा कापला, की वरच्या मातीचा आधार जातो. पाण्याचा निचरा नीट केला नाही, तर रस्ताच दरडीचे निमित्त ठरतो. दुसरा धोका बाजाराचा. कर्जतमध्ये रस्ता गेला की प्लॉटिंगचे फलक लागतात. आषाणे धबधब्यावरची पावसाळी गर्दी पाहिली, की वर रस्ता झाल्यावर काय होईल याचा अंदाज येतो. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये, यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६-अ आहे. मात्र ते सातबारावर नाव असलेल्या जमिनीलाच लागू होते. नाव नसलेल्या वहिवाटीला त्याचा उपयोग नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी दळी आणि गावठाणाच्या नोंदी, मग अरुंद, निचऱ्याची सोय असलेला, रुग्णवाहिका आणि टँकर जाईल एवढाच रस्ता. नोंदी होण्याआधी रुंद रस्ता झाला, तर त्याचा पहिला फायदा वाडीबाहेरच्यांना होतो.

पुढे काय?

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना ३१ जुलै २०२४ रोजी निघाली. त्यात महाराष्ट्रातील सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. तिचे अंतिम रूप काहीही असो, वनहक्काचे प्रलंबित दावे त्याआधी निकाली निघाले, तर संरक्षण आणि हक्क यांचा संघर्ष बराच कमी होईल.

कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. वनहक्क कायद्याच्या ‘गाव’ या व्याख्येत जुन्या वस्त्या आणि सर्वेक्षण न झालेली गावेही येतात, मग ती महसुली नोंदीत असोत वा नसोत. मोठ्या ग्रामपंचायतीच्या सभेत वाडीचा विषय शेवटी येतो आणि बायका तोवर परतीच्या चढणीला लागलेल्या असतात. सभा वाडीतच भरली, सामूहिक वनहक्काचा दावा तिथेच ठरला आणि पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाने व वनखात्याने त्याची मोजणी तिथे जाऊन केली, तर एक हेक्टरच्या मर्यादेत बसणारी टाकी, अंगणवाडी आणि वाडीपुरता रस्ता यांचे प्रस्ताव स्थानिक पातळीवरच मार्गी लागू शकतात. मोठ्या रस्त्यासाठी मात्र दिल्लीच्या मंजुरीची वाट पाहावी लागेल आणि तोवर पावसाळ्यातली झोळी खांद्यावरच राहील.